ढलप्यांवर निवडलेला अमेरिकेचा अध्यक्ष

१९६८ सालची दिवाळी उलटली होती, कार्तिक चालू होता आणि नागपुरात पहाटे गोधडी लागायला सुरुवात झाली होती. त्या दिवसांत आमच्या आरागिरणीत अमेरिकेच्या अध्यक्षाची पहिली निवडणूक झाली. तिथून हे किस्से साचत गेले, आऱ्याखाली बुरादा, म्हणजे लाकडाचा भुसा, साचतो तसे. रोज थोडा पडतो, कोणाचं लक्ष नसतं, आणि एक दिवस खड्डा भरून पातं अडकतं. म्हणून उपसून ठेवतो.

मी लकडगंजात आऱ्यावर मिस्त्री होतो. शिक्षण चौथी. ओंडका कुठून चिरायचा हे मी ठरवायचो, आणि मी खडूची रेघ मारली की सेठसुद्धा मध्ये बोलायचा नाही. छप्पन साली दीक्षा घेऊन आम्ही घरी आलो तेव्हा वडील एवढंच म्हणाले होते, "आता कोणाचं काही अंगावर ठेवायचं नाही." ते मी पाळलं. एका गोष्टीत सोळा वर्षं पाळता आलं नाही. ती गोष्ट अमेरिकेमुळे झाली.

*

त्या काळी रेशनवर अमेरिकेचा गहू मिळे. पोळी ताणली की ताणायची, तुटायची नाही. दुपारी आम्ही ओंडक्यांवर बसून डबे खायचो. सुखदेव ट्रॉली ढकलायचा. वयाने आमच्यात मोठा, आणि गिरणीतला एकुलता एक ट्रान्झिस्टर त्याचा. त्यावर बातमी लागली की अमेरिकेत नवा अध्यक्ष निवडायचा आहे.

गुलाब पात्यांना धार लावायचा. माझ्याच वयाचा, तोंडाने त्याच्या कानशीपेक्षा तेज. हातातली पोळी ताणत तो म्हणाला, "ह्याच्या गव्हाची पोळी आपण खातो. मंग ह्याचा अध्यक्ष आपण काहून नाही निवडाचा?"

कोणाला उत्तर सुचलं नाही. म्हणून निवडणूक घेतली.

वाचता येणारे कमी, त्यामुळे चिठ्ठ्या नाहीत. वनस्पती तुपाचा रिकामा डबा घेतला, झाकणाला फट पाडली. जो पक्ष खुर्चीवर आहे त्याची सागाची ढलपी, नव्याची बाभळीची. पोत्यात हात घालून ढलपी घ्यायची, मुठीत झाकून डब्यात टाकायची. मत गुप्त.

सेठ कच्छचा, माणूस बरा. त्यालाही बोलावलं. तो येतानाच मोठ्याने म्हणाला, "आपण खुर्चीवाल्याच्या बाजूने. नवा माणूस म्हणजे नवी कटकट." मूठ फटीवर धरली आणि सोडली.

टण.

आता लाकडात आयुष्य घालवलेल्या माणसांनी मतपेटी पत्र्याची करावी हीच चूक. सागाची ढलपी पत्र्यावर ठप्प पडते, बाभळीची टणकन वाजते. सगळ्या गिरणीने ऐकलं. जो तो दुसरीकडे पाहू लागला. शेवटी सुखदेव म्हणाला, "सेठ, बाभूळ मस्त सुकली हाये या वर्षी."

पुढच्या वेळेपासून डब्यात आधी अर्धा बुरादा भरायचा असा नियम झाला.

*

माझं मत मी लपवलं नव्हतं. मी सागाची ढलपी सगळ्यांना दाखवून टाकली.

गुलाबने विचारलं, "खुर्चीवाल्यालेच काहून?"

"त्याचा गहू खाल्ला. मत त्यालेच."

"गहू का त्यानं घरून आणला? सरकारनं घेतला, तू रेशनात इकत घेतला. उपकार कायचे?"

"खाल्लं ते खाल्लं."

"मंग पैज लाव. माझा नवा, तुझा खुर्चीवाला. जो हरंल त्यानं दुसऱ्याले खांद्यावर बसवून चौकाले एक पुरी चक्कर माराची. भर दिवसा."

मी हात दिला. सुखदेव साक्षीला होता.

निकाल ट्रान्झिस्टरवर आला. नवा जिंकला. मी आरा बंद केला, हात पुसले आणि गुलाबसमोर जाऊन उभा राहिलो. "चल चौकात."

तो पात्यावर कानस फिरवत होता. मान वर केली नाही. "आज नाही."

"काहून?"

"आज मले बसाची हौस नाही."

दुसऱ्या दिवशी विचारलं. तेच उत्तर. आठवडाभराने तो म्हणाला, "राहू दे ना गा मिस्त्री. पळून चालला का मी?"

*

तेव्हा मला वाटलं हा भिडेखातर सोडतो आहे. तसं नव्हतं, हे लवकरच कळलं.

धंतोलीतल्या एका डॉक्टरच्या नव्या घरासाठी सागाचा मोठा ओंडका आला होता. दरवाजाच्या फळ्या काढायच्या होत्या. मी रेघ मारली. गुलाबचं म्हणणं होतं, पातं गरम आहे, आधी चहा होऊ द्या. मी म्हटलं, आधी ओंडका. तो हसला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "मिस्त्री, खांदा बाकी हाये."

ओंडका तसाच राहिला. आधी चहा झाला.

त्यानंतर हे वाक्य गिरणीत चालू पडलं. सुट्टी पाहिजे, खांदा बाकी हाये. माझ्या डब्यातला ठेचा उचलला, खांदा बाकी हाये. मी रागावलो की तो काही बोलायचाच नाही, नुसता खांद्यावर बोट ठेवायचा. ज्या माणसाच्या रेघेपुढे सेठ गप्प बसायचा, तो माणूस एका बोटाने गप्प बसत होता.

मी त्याला गाठायचं ठरवलं. तो गिरणीच्या मागच्या गल्लीत राहायचा आणि सकाळी डबा घेऊन चौकातून यायचा. मी चौकात आधीच जाऊन थांबलो. तो आला तसा त्याच्या पुढ्यात उकिडवा बसलो, पाठ त्याच्याकडे करून. "बस."

त्याने मला वळसा घातला. पानठेल्यावर गेला. पान लावून घेतलं, चुना चाटला आणि जाता जाता म्हणाला, "ऊठ गा, गुडघे दुखतीन."

तो गेला. मी तसाच बसलेलो. एक सायकलवाला थांबला, खाली वाकून रस्त्यावर पाहू लागला. "काही हरवलं का भाऊ?"

"हो."

"काय?"

"निवडणूक."

त्याने सायकल लगेच पुढे काढली.

*

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई लागली. सुखदेवचा ट्रान्झिस्टर तेव्हा दिवसभर चालू असायचा. एक दिवस बातमी आली की अमेरिकेचं आरमार बंगालच्या उपसागराकडे निघालं आहे. आपल्याला धाक घालायला.

आरा चालू होता तो मी थांबवला. 

सुखदेव म्हणाला, "गहू पाठवणारा तोच ना हा?"

"देश तोच," मी म्हटलं. "माणूस गुलाबचा."

गुलाबचा चेहरा उतरला. त्याच्या बहिणीचा मुलगा कामठीला छावणीत होता आणि तिथून पुढे गेला होता. हे सगळ्यांना माहीत होतं. मी जास्त बोललो नाही. एवढंच म्हटलं, "तुझ्या माणसानं जहाज पाठवलं गुलाब. आता तरी पैज मोड."

तो पुन्हा पात्यावर वाकला. "जहाज वेगळं. खांदा वेगळा."

त्या दिवशी घरी जाताना माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली. अमेरिका आणि गुलाब एकाच तऱ्हेचे. दिलेलं परत मागत नाहीत. परत घेतलं तर मग आठवण कशाची देणार?

लढाई आपण जिंकलो. बहिणीचा मुलगा धड परत आला. गुलाबने सगळ्यांना पेढे वाटले. मला दोन दिले. दुसरा देताना खांद्यावर बोट ठेवलं.

*

बहात्तर साली तोच अध्यक्ष पुन्हा उभा राहिला. आता खुर्चीवर तो, म्हणून साग त्याचा. डब्यात बुरादा घातलेला, आवाज नाही. सगळ्यांनी मुठी झाकून मतं टाकली. संध्याकाळी सुखदेवने डबा पोत्यावर उलटा केला आणि बुरादा चाळला.

सगळी बाभूळ. सागाची एकही ढलपी नाही.

म्हणजे गुलाबचीही नाही. मी त्याच्याकडे पाहिलं. तो कानस साफ करू लागला.

"तुझा माणूस तूच पाडला," मी म्हटलं. "पैज संपली."

"निकाल येऊ दे."

निकाल आला. तो माणूस पडला नव्हता. फार मोठ्या फरकाने निवडून आला होता. गुलाब म्हणाला, "पाह्य मिस्त्री, जिंकला ना माझा? खांदा बाकी हाये."

सुखदेव ट्रान्झिस्टरला कान लावून बसला होता. त्याला या निकालाचा फार राग आला. बातम्या संपल्यावर त्याने तो बंद केला आणि म्हणाला, "लकडगंजची मतं मोजलीच नाही वाटते त्यायनं."

*

शहात्तर साली आपल्याकडची निवडणूक पुढे ढकललेली होती. त्यामुळे अमेरिकेच्या डब्याला त्या वर्षी जास्त गर्दी. शेजारच्या दोन लाकडाच्या टालींवरचे हमालसुद्धा आले. इतक्या ढलप्या पाडाव्या लागल्या की सेठने विचारलं, धंदा करायचा आहे की नाही.

नेमका त्याच दिवशी गिरणीत एक अमेरिकन आला. खराखुरा. तरुण, उंच, पायात चपला. नागपूरकडच्या खेड्यांचा अभ्यास करायला आला होता आणि पुस्तकं ठेवायला त्याला फळ्या पाहिजे होत्या. पुण्याला राहून मराठी शिकलेला.

रांग पाहून त्याने विचारलं, "येथे कशासाठी उभे आहेत सर्वजण?"

गुलाबने सांगितलं, "तुमचा अध्यक्ष निवडून राहिलो."

त्याला वाटलं आपली मराठी कमी पडते आहे. त्याने पुन्हा विचारलं. गुलाबने पुन्हा तेच सांगितलं. मग साग कोणाचा, बाभूळ कोणाची हे समजावलं. तो फार खूश झाला. खिशातून वही काढून लिहू लागला.

मी विचारलं, "तुम्ही कोणाला दिलं?"

त्याचं लिहिणं थांबलं. "मी मतदान केले नाही. टपालाने कागद मागवावे लागतात. ते राहून गेले."

 हमाल एकमेकांकडे पाहू लागले. सुखदेवला पुण्याची मराठी नीट कळत नसे, त्याने मला विचारलं, "काय म्हणते तो?"

"त्यानं मत दिलं नाही म्हणते."

सुखदेवने त्या पोराकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. आवाजात राग नव्हता, काळजी होती. "असं कसं बापू? आम्ही तर सगळ्यायनं देल्लं."

त्याचा चेहरा लाल झाला. मला फळ्यांचं माप सांगू लागला. मी डबा पुढे केला. "आधी मत. मंग फळ्या."

त्याने पोत्यात हात घातला. मूठ झाकून आणली, ढलपी टाकली. बुराद्यामुळे काय टाकलं ते कळलं नाही. फळ्या मी त्याला स्वतः चिरून दिल्या, एकही गाठ नसलेल्या.

*

ऐंशी सालच्या निवडणुकीच्या वेळी डिझेलची मारामार होती आणि त्यामागेही अमेरिकेचंच काहीतरी आहे असं सगळे म्हणत. सुखदेवची नजर अधू झाली होती, पण हौस तीच. त्याने दोन्ही उमेदवारांचे फोटो असलेलं वर्तमानपत्र आणायला लावलं. तोंडं पाहिली नाहीत. हात पाहिले. दोघेही फोटोत हात वर करून उभे होते.

"एकाच्याही हाताले घट्टा नाही," तो म्हणाला.

डबा चाळला तेव्हा साग निघाला, बाभूळ निघाली, आणि एक बांबूची कामटी निघाली.

गुलाबने ती उचलून सगळ्यांना दाखवली. "बांबू कोणाचा हो?"

"माझा," सुखदेव म्हणाला.

"म्हणजे कोणाले देल्लं?"

"मलेच. एवढा ओंडका ट्रॉलीवर लोटतो, आजवर कोणाच्या पायावर नाही पडू देल्ला. जगाचं काय मोठं हाये?"

त्याच वर्षी मी गुलाबला शेवटचं विचारलं. दोघांचेही केस पिकले होते. म्हटलं, "आता तरी घे वसूल करून. पुढं माझा खांदा टिकंल का नाही सांगता येत नाही."

तो कधी नव्हे ते गंभीर झाला. "मिस्त्री, तू कोणापुढं वाकत नाही. सेठपुढं नाही, देवापुढं नाही. एक मीच हावो ज्याच्यासमोर तू उकिडवा बसला. ते एका चकरेत खर्च करू का?"

मी आरा चालू केला. त्या आवाजात माणसाला बोलावं लागत नाही.

*

चौऱ्याऐंशी सालच्या नोव्हेंबरात आम्ही डबा काढला नाही. आपल्याच देशात इतकं वाईट घडलं होतं की अमेरिकेत कोण निवडून आलं ते आम्हाला फार उशिरा कळलं. सुखदेव थकून घरी बसला होता. आणि त्याच सुमारास ट्रॉलीवरून ओंडका घसरून गुलाबच्या पावलावर आला. धंतोलीच्या दवाखान्यात नेलं. पाऊल राहिलं, पण पोटरीपर्यंत प्लास्टर बसलं. तो घरी खाटेवर पडून राहायचा. अंगाने निम्मा झाला.

डिसेंबरात आपली निवडणूक लागली. आमच्या भागाचं मतदान चौकापलीकडच्या शाळेत. मी सकाळी मत देऊन आलो आणि गुलाबकडे गेलो. त्याच्या दारात एका उमेदवाराची सायकलरिक्षा उभी होती, झेंडा लावलेली. दोन कार्यकर्ते गुलाबला धरून दाराबाहेर आणत होते.

"बसा काका," एक जण म्हणत होता. "नेतो पण आम्ही, आणून पण सोडतो. फक्त आमचं लक्षात ठेवा."

गुलाबने चांगला पाय रिक्षावर ठेवला होता.

"थांब," मी म्हटलं.

"काहून?"

"त्याच्या रिक्षात बसून जाशील, आत काय करशील?"

"मले कराचं ते करीन. आत कोण पाहते?"

"आतलं राहू दे. बाहेर आल्यावर ह्याच्याच रिक्षात बसाचं हाये. तोंड वर करून बसता येईन का तुले?"

कार्यकर्ता म्हणाला, "मिस्त्रीकाका, म्हातारा माणूस आहे, फुकट नेतो आहोत."

"म्हणूनच," मी म्हटलं.

गुलाबने पाय रिक्षावरून खाली घेतला. दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. "मंग काय रांगत जाऊ गा? का घरीच राहू? माझ्या एका मतानं काय होते?"

"अमेरिकेले मत द्याले एकदाही चुकला नाही तू."

 मी त्याच्या पुढ्यात उकिडवा बसलो, पाठ त्याच्याकडे करून.

गल्लीतली माणसं पाहत होती.  मागून गुलाब हळू आवाजात म्हणाला, "हे त्याच्यात नाही धराचं, मिस्त्री."

"बस."

त्याची काठी माझ्या हातात आली. मग खांद्यावर भार आला. कार्यकर्त्यांनी हात पुढे केले, मी नको म्हटलं. गुडघे कडाडले. उठलो.

गल्ली संपली. समोर चौक. शाळा डाव्या हाताला, फाटकातून रांग दिसत होती. मी उजवीकडे वळलो.

"शाळा तिकडं हाये गा," वरून गुलाब म्हणाला.

मी चालत राहिलो. पानठेलेवाला हातातलं पान तसंच धरून उभा राहिला. टालीवरचे हमाल बाहेर आले. भर दिवस होता, थंडीचं ऊन होतं. गुलाबने माझं डोकं धरलं होतं.

"मिस्त्री," तो म्हणाला. "राहू दे ना. पुढच्या..."

पुढचं बोलला नाही. थोडं चालून गेल्यावर म्हणाला, "हळू चाल. प्लास्टर हालते."

मी हळू चाललो. निघालो होतो त्या गल्लीच्या तोंडाशी परत आलो. तिथून सरळ शाळेकडे गेलो, फाटकाशी खाली बसलो आणि त्याला उतरवलं. काठी त्याच्या हातात दिली.

तो आत गेला.